पाळ फुगतेय

१८ ऑगस्ट, सोमवार

पुन्हा तेच. पाळ वर आली आहे — चार मिलिमीटर!

सकाळपासून तीनदा गणित केलं, तिन्ही वेळा चारच. उपग्रहाच्या जुलैच्या फेरीत दोन, ऑगस्टच्या पहिल्या फेरीत तीन, आता चार. एकूण नऊ. नऊ मिलिमीटर म्हणजे करंगळीच्या नखाएवढं. कोणालाही हसू येईल. मला आलं नाही. गावाकडच्या आमच्या तलावाची पाळ मातीची आहे, पंचेचाळीस वर्षांची. माती वर कशाला येईल? पाणी पिऊन फुगली तरच. आणि फुगलेली पाळ शेवटी काय करते हे भूगोलाच्या बाईला कोणी सांगायला नको.

पाळीच्या खाली आमची वस्ती. पहिलंच घर आई-बाबांचं.

दोन तास घेतले आज. काय शिकवलं देव जाणे. मुलांनी वह्यांमध्ये काहीतरी उतरवून घेतलं खरं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

झोप नाही. डोळा लागला की पाणी.

२० ऑगस्ट, बुधवार

जूनमध्ये किती मजा वाटली होती या सगळ्याची! कॉलेजला सुट्ट्या, ऑनलाइन कोर्स फुकट, उपग्रहाची चित्रंही फुकट. गावी ओसरीवर बसून बाबांना समजावलं होतं — हा उपग्रह फोटो काढत नाही, हाक मारतो. वरून रडारची लाट सोडतो आणि जमिनीवरून ती परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. ढग, अंधार, पाऊस, कशानेही अडत नाही. दर बारा दिवसांनी त्याच वाटेने येतो. दोन फेऱ्यांमध्ये जो फरक पडला, तेवढी जमीन हलली.

बाबा म्हणाले, ‘तो येवढा वर. त्याले केसभर हललेलं कसं समजते वो?’

मग मी म्हटलं, त्याला एक न हलणारी जागा नेमून द्यायची असते. ती शून्य धरायची, बाकी सगळं तिच्याशी ताडून बघायचं. आपल्या गावात कधीच न हलणारी जागा कोणती सांगा.

विचार करायला त्यांना एक क्षणसुद्धा लागला नाही. ‘शाळा! अन् शाळेतबी मांगच्या दोन खोल्या. खाली पक्का मुरूम हाय. भूकंप आला तरी हालत नाय त्या.’ अठ्ठावीस वर्षं त्याच शाळेत मास्तर होते ते. त्या खोल्या गावाकडून श्रमदान करून घेऊन त्यांनीच उभ्या केल्या. शंकरराव मास्तरांची शाळा म्हणतात अजून.

मेहकरच्या वेल्डिंगवाल्याकडून पत्र्याचा तिकोनी खोका करून आणला आणि त्या खोल्यांच्या स्लॅबवर पक्का बसवला. त्यावर आदळलेली लाट सरळ वर जाते, म्हणून तेवढी जागा चित्रात ताऱ्यासारखी चमकते. माझं शून्य! आई म्हणाली, ‘त्यात पावसाचं पानी साचन, डास होतीन.’ बुडाला भोक पाडलं.

माझा लॅपटॉप म्हातारा. पूर्ण गाव घातलं की गुदमरतो. म्हणून पाळ आणि शाळा एवढाच तुकडा कापून घेते. आपल्याला हवं तेवढंच आहे त्यात.

तेव्हा कौतुकाने केलं होतं. नसतं केलं तर बरं झालं असतं का? पाळ फुटायचीच असेल तर न मोजता पण फुटेलच.

२३ ऑगस्ट, शनिवार

काल पोळ्याला गावी गेले ते पाळ बघायलाच. बशीरचाचांना घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालले. चाचा तलावाचे चौकीदार. पाळ बांधली तेव्हा पोरसवदा होते, तेव्हापासून इथेच.

मी जमीन बघत, वाकून वाकून. ते माझ्याकडे बघत.

एका ठिकाणी ओल दिसली! ‘चाचा, हे काय?’

चाचांनी टाच दाबून बघितली, वास घेतला. ‘भैसनं मुतलं बाई.’

चाचा हसले. मी पण हसले, पण ती जागा परत एकदा वाकून बघितली. मग चाचा गंभीर झाले. म्हणाले, ‘देख बेटी, पाळ बोलते. झिरपली तं गढूळ पानी येते, खचली तं गवत वाकते. हे पाळ सध्या काईच बोलून नाय राह्यली.’

चाचांचे डोळे मिलिमीटर बघू शकत नाहीत. हे मी त्यांना म्हटलं नाही, इथे लिहितेय.

संध्याकाळी विहारात वर्षावासाचं वाचन. बाबा वाचतात, पन्नास-साठ माणसं ऐकतात. विहार पाळीपासून दोनशे पावलांवर. मी मोजली. वाचन काही ऐकलं नाही, मागच्या भिंतीकडे बघत बसले.

३० ऑगस्ट, शनिवार

परवाच्या फेरीत पाच. एकूण चौदा.

१ सप्टेंबर, सोमवार

दोन तास बाहेर बसवून पाटबंधारे खात्याच्या साहेबांनी आत बोलावलं. तरुण इंजिनिअर आहे, वाईट नाही. चहा दिला. चित्रं नीट बघितली, प्रश्न विचारले. मग म्हणाले, ‘मॅडम, नकाशा देखणा आहे. पण पाळ फुगली तर कुठेतरी उलायला पाहिजे, पाण्याकडच्या उतारावरचे पिचिंगचे दगड सुटायला पाहिजेत. मी जाऊन बघतो.’

‘कधी?’

‘या आठवड्यात.’

हा आठवडा, तो आठवडा... सरकारी आठवडा किती दिवसांचा असतो कोणाला माहीत.

४ सप्टेंबर, गुरुवार

गेले होते! खरंच गेले होते. बाबांचा फोन — साहेब दोन माणसं घेऊन आले, दिवसभर पाळीवर होते, दुर्बिणीने मापं घेतली. झिरप नाही, भेग नाही, दगड जागच्या जागी. जाताना बाबांना म्हणाले, ‘मास्तर, पाळ होती तिथेच आहे. बाईंना सांगा निवांत झोपा.’

निवांत झोपा! त्यांची आई झोपते का पाळीखाली?

इतका राग आला की समीनाच्या समोर रडले. समीना कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, माझ्या शेजारी बसते. तिनं फक्त डबा पुढे सरकवला. नशीब.

खरं सांगायचं तर राग नव्हता तो. साहेब खरे ठरावेत असंच मला वाटत होतं, आणि माझं चित्र मला तसं वाटू देत नव्हतं.

११ सप्टेंबर, गुरुवार

सात!! एकूण एकवीस.

दर फेरीला वाढतंच आहे. चार, पाच, सात. मी काय करू? काय करू?

वर पाऊस. तलाव भरत आला म्हणे, सांडव्याला दोन हात उरलेत.

१३ सप्टेंबर, शनिवार

सकाळच्या गाडीने गावी. सरपंच कुलदीपला गाठलं. शाळेत माझ्या दोन वर्षं मागे होता, अजून ताईच म्हणतो. त्याला मोबाइलवर चित्र दाखवलं. पाळ अख्खी लालभडक, शाळेच्या जागी हिरवा ठिपका.

कुलदीपचं तोंड पांढरं पडलं. ‘ताई, हे तं पेटल्यावानी दिसून राह्यलं!’

लगेच म्हणाला, वस्ती हलवू. कुठे हलवायची ते चित्रातच दिसत होतं. हिरव्या ठिपक्यावर!

एक गोष्ट फक्त इथे लिहिते. ते लाल मीच निवडलं होतं. तोच आकडा पिवळ्यात दाखवता आला असता, निळ्यातही. मी दहा रंग लावून बघितले आणि ज्याची मलाच सगळ्यात जास्त भीती वाटली तो ठेवला. कुलदीप घाबरावा म्हणूनच. घाबरला. मला बरं वाटलं, मग स्वतःची लाज वाटली, मग परत बरं वाटलं.

१४ सप्टेंबर, रविवार

सगळे तयार, बाबा तयार नाहीत! आणि ते हलल्याशिवाय वस्तीतलं एकही घर हलणार नाही.

‘साहेब पाहून गेले, बशीर रोज पाह्यते. दोघंबी नाय म्हणतात. मी काऊन पळू?’

मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा बाबांवर ओरडले. आई चुलीशी उठून उभी राहिली. मी म्हटलं, तुम्हीच म्हणायचे ना, ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, मोजून बघा. मी मोजलंय, बाबा! मोजलेलं आहे हे!

बाबांनी पावसाकडे बघितलं. मग चष्मा पुसला. ‘ठीक हाय. मले त्यातलं काई समजत नाय. पण तू म्हणतेस म्हणून जातो.’

इतक्या सहज म्हणाले की मलाच धक्का बसला.

१७ सप्टेंबर, बुधवार

हलली वस्ती! चौदा घरं आणि बशीरचाचांचं एक. बासष्ट माणसं, शिवाय शेळ्या. पुढच्या खोल्यांमध्ये पोरांचे वर्ग भरतात, म्हणून सगळ्यांना मागच्या दोन खोल्या दिल्या. बायका-लेकरं आत, पुरुष व्हरांड्यात. वाचनही आता तिथेच.

चाचा म्हणे बाबांना बोलले, ‘मास्तर, तुमची पोरगी आपल्याले शाळेत बसोल्याशिवाय नाय राह्यली.’

आईचा फोन आला. कुरकुर आहे, पण रुसलेली नाही. ‘गर्दी लय हाय. अन् दार लागत नाय, खाली घासते. दगड लावून ठेवला.’

लागू दे नाहीतर नको लागू दे. तुम्ही तिथे आहात ना, बास.

सात तास झोपले आज. महिनाभरात पहिल्यांदा.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

पाऊस थांबत नाही. पण सगळे शाळेत आहेत. शाळेत आहेत. शाळेत आहेत.

२२ सप्टेंबर, सोमवार

बसमध्ये लिहितेय. अक्षर लागणार नाही, नको लागू दे. हात रिकामा ठेवला तर मी किंचाळेन.

सकाळी कालच्या फेरीचं चित्र उतरवलं. अकरा! एका फेरीत अकरा. आता पाळ जाते, आज नाहीतर उद्या. तेवढ्यात लॅपटॉप बंद पडला, गेलाच. समीना म्हणाली, माझ्या लॅबमध्ये ये, तिथली मशीन चांगली आहे. तिथे बसलो. माझ्या मागे उभी राहून तिनं जुना तुकडा बघितला आणि म्हणाली, ‘माया, तू फक्त पाळच काऊन पाहून राह्यली? बाकीचं गाव कुठं हाय?’

म्हटलं, माझ्या लॅपटॉपला झेपत नव्हतं. म्हणाली, ‘याले झेपते. टाक ना सगळं.’

टाकलं. वीस मिनिटं लागली.

सगळं लाल. पाळ लाल, विहार लाल, मशिदीचा घुमट, पाण्याची टाकी, ग्रामपंचायत, सुलतानपूरच्या रस्त्यावरचा पूल, पलीकडच्या टेकडीवरचा उघडा खडक — सगळे अकरा मिलिमीटर वर. जुन्या फेऱ्या काढल्या. चार, पाच, सात. सगळीकडे तेच आकडे.

समीना म्हणाली, ‘हौ, अख्खं गाव वर येऊन राह्यलं का?’

गाव वर कसं येईल? टेकडी वर कशी येईल? मग एक एक करून कळलं, आणि कळू नये असं वाटत होतं. काहीच वर येत नाहीये. पाळ नाही, टेकडी नाही. एकच जागा खाली चालली आहे — जिला मी शून्य धरलं ती. मोजायची काठीच खचत होती आणि मी म्हणत होते जग फुगतंय! साहेब खरे, चाचा खरे. शाळेच्या मागच्या खोल्या जुलैपासून बत्तीस मिलिमीटर खाली गेल्यात आणि तिथे मी बासष्ट माणसं नेऊन बसवली.

बाबांना फोन लावला. चौथ्यांदा लागला.

‘बाबा, मागच्या खोल्यांच्या खाली काय होतं?’

‘मुरूम. तुले सांगतलं ना.’

‘त्याच्या आधी?’

मागे लेकरांचा गलका.

‘विहीर होती,’ बाबा म्हणाले. ‘गावाची. गावाची म्हणजे आपली नाय. तुही आजी लांब उभी राहे, कोणी वरून घागरीत पानी घालीन याची वाट पाहत. मंग आटली ते, तं बुजोली. मी सोता टोपले टाकले. तिच्या उरावर खोल्या बांधल्या अन् आपले लेकरं बसोले शिकाले. काऊन?’

‘मी जूनमध्ये विचारलं होतं तेव्हा का नाही सांगितलं?’

‘तू न हालणारी जागा विचारली होती, माय. विहीर कुठं विचारली? अन् ते विहीर मी मोजतच नाय. माह्यासाठी ते तवाच संपली.’

मी म्हटलं, सगळ्यांना बाहेर काढा. आत्ताच्या आत्ता.

‘एवढ्या पान्यात? कुठं नेऊ?’

‘घरी. खाली.’

‘पाळीखाली?’

‘पाळ हलत नाहीये बाबा. कधी हललीच नव्हती. चूक माझी झाली.’

बाबा अगदी हळू म्हणाले, वर्गात कधीच न रागावता बोलायचे तसेच हळू — ‘तू म्हणाली म्हणून या लोकायले इथं आणलं म्या. आता तुह्या कोण्या बोलण्यावर उठोवू त्यायले?’

आणि फोन तुटला. त्यानंतर लागतच नाहीये. कुलदीपचाही नाही. चाचांकडे मोबाइल नाही.

चिखली गेलं. मेहकरला अजून तासभर. ड्रायव्हरला दोनदा सांगून आले, लवकर घ्या. तो म्हणाला, ताई, रस्ता दिसत नाय.

२३ सप्टेंबर, मंगळवार

मागच्या दोन्ही खोल्या काल संध्याकाळी सव्वासहाला खचून खाली बसल्या. मी तेव्हा सुलतानपूरलाही पोचले नव्हते. आत कोणी नव्हतं. शेळ्यासुद्धा नाही.

लोक उठले कसे, विचारलं बाबांना. म्हणाले, ‘तुह्यं नावच नाय घेतलं म्या. एवढंच सांगतलं का आपुन त्या विहिरीवर बसून आहो. म्हताऱ्या बाया आंधी उठल्या.’

बाबा सकाळपासून खड्ड्यापासून लांब निंबाखाली बसून आहेत, जेवले नाहीत. खड्ड्याच्या तळाला पाणी दिसतंय. आई जाऊन बघून आली. लग्न होऊन आल्यापासून त्या विहिरीत वाकून तिनं आज पहिल्यांदा पाहिलं म्हणते.